नक्षीदार साडेसात

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेचा डावा कोपरा तडकला आहे आणि मागचे झाकण रबरबँडने बांधले आहे. सध्या मी एका दुरुस्तीच्या दुकानात, बंद पडलेल्या फोनांच्या खोक्यात पडून आहे. उद्या-परवा माझा स्पीकर काढून दुसऱ्या कुणाला बसवतील. त्याआधी माझी गोष्ट सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निळ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगेत, एका कारखान्यात माझा जन्म झाला. एकीने पडदा बसवला, दुसरीने स्क्रू आवळले, तिसरीने खोक्यावर शिक्का मारला. तिथेच माझ्या पोटात अक्षरांचा साठा भरला गेला. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो. निरोप येतो तो त्या क्रमांकांचाच. क्रमांक ओळखून अक्षर काढायचे काम आम्हा फोनांचे. ज्याचे चित्र माझ्या साठ्यात नाही, त्याच्या जागी मी रिकामा चौकोन काढतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मला विकत घेणाऱ्या ताई अक्षरजुळणी करत. जिन्याखालच्या एका खोलीत त्यांचे कार्यालय होते. तीन टेबले, एक पंखा, आणि समोरच्या सायकलच्या दुकानाकडे उघडणारी खिडकी. शाळा, दुकाने, दवाखाने यांचे निरोप सजवून लोकांच्या फोनवर पाठवायचे, हा तिथला धंदा. पुढे ताईंनी नवा फोन घेतला आणि मी त्यांच्या टेबलावर नुसता पडून राहू लागलो.

एकदा शाळेच्या पालकसभेचा निरोप आम्हा दोघांवर आला. नव्या फोनवर तारखेचे आकडे काळ्या गोलांत मोत्यांसारखे बसले होते. माझ्यावर चौकोनच चौकोन! गोलातल्या आकड्याचा क्रमांक साध्या आकड्याहून वेगळा, आणि त्याचे चित्र माझ्या साठ्यात नव्हते.

"अगंबाई, हे काय!" ताई म्हणाल्या. "आईबापांना तारीख कळायची कशी?"

त्या दिवसापासून प्रत्येक निरोपाचा पहिला मान माझा. मी अडखळलो की ताई तो निरोप बदलायच्या. फुले आणि वेलबुट्ट्या मला येतात तेवढ्याच ठेवायच्या. वेळ, तारीख, नंबर साध्या आकड्यांत लिहायच्या. "दागिने गळ्यात घालावेत, डोळ्यांवर नाही," असे त्या म्हणत. कार्यालयाचे मालकही तेव्हा खूश असत. गिऱ्हाईक आले की मला उचलून दाखवत, "आमचा हा म्हातारा पास करतो, मगच निरोप बाहेर पडतो." मला किती बरे वाटायचे! चार वर्षे एकही तक्रार आली नाही. आणि तक्रार येत नाही म्हटल्यावर मालकांना माझी गरजच कळेनाशी झाली.

मग एक मोठे डायलिसिस केंद्र गिऱ्हाईक म्हणून मिळाले. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त तिथे यंत्राने शुद्ध करत. मालकांनी पहिला निरोप पाहिला आणि नाक मुरडले.

"ताई, हे काय वीजबिलासारखं! आकडेसुद्धा नक्षीत हवेत."

"जुन्या फोनवर दिसत नाहीत हो ते."

"आता कोण वापरतं असले डबे? टाका तो आत."

झाले. वाळलेली पेने आणि स्टेपलरच्या पिना यांच्या सोबतीला मी ड्रॉवरमध्ये गेलो. बंद फोनला ऐकू येत नाही, असे माणसांना वाटते. मला सगळे ऐकू येत होते.

एका संध्याकाळी केंद्रातून घाईचे काम आले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या यंत्राची दुरुस्ती होती. म्हणून दुपारच्या रुग्णांना सकाळी साडेसातलाच बोलवायचे होते.

"एकदा जुन्यावर बघून घेऊ का?" ताईंनी विचारले.

"निघायची वेळ झाली, ताई. पाठवा."

ड्रॉवरची मूठ हलली. ताईंचा हात तिथपर्यंत आला होता. मी वाट पाहिली. मग हात मागे गेला, आणि निरोपही गेला.

पंधरा दिवसांनी केंद्रातून आमचा पत्ता घेऊन एक काकू आल्या. त्यांचे यजमान शिंपी होते. काकूंच्या हातात माझ्याच जातीचा, माझ्याच वयाचा फोन होता.

"हा निरोप तुमचाच ना? यात वेळ कुठं लिहिलीय, ते दाखवा मला."

'आपली उद्याची वेळ', मग तीन चौकोन, मग 'वेळेवर यावे'. खाली चौकोनांचीच आणखी एक ओळ.

मालकांनी आपला फोन पुढे केला. "काकू, हे बघा, साडेसात. आमच्याकडून बरोबर गेलंय. तुमचा फोन जुना झालाय."

"तुमच्या फोनवर दिसतंय हो," काकू म्हणाल्या. "पण आजारी ते होते."

मालकांनी आपला फोन मागे घेतला. काकू सांगू लागल्या. "चष्मा पुसून पुसून बघत बसले. म्हणाले, माझीच नजर गेली वाटतं. खालच्या नंबरवर विचारू म्हटलं, तर तिथंही चौकोनच. मग म्हणाले, नक्षी असेल काहीतरी, आपण नेहमीसारखं तीनला जाऊ. गेलो, तर दाराला कुलूप. रखवालदार म्हणाला, आता पुढच्या पाळीला या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं."

ताई उठल्या. त्यांनी मला ड्रॉवरमधून काढले आणि चार्जरला लावले. मला जाग यायला बराच वेळ लागला. मग ताईंनी तोच निरोप मला पाठवला. मला खोटे काढता येत नाही, मित्रांनो. मी तेच चौकोन काढले.

काकूंनी माझ्याकडे पाहिले, मग ताईंकडे. "म्हणजे पाठवायच्या आधी तुम्हाला कळलं असतं?"

"हो," ताई म्हणाल्या.

"ताई, गप्प बसा!" मालक ओरडले.

काकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी आपला फोन रुमालात गुंडाळला आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी केंद्राला पाठवायचे पत्र सांगितले. 'निरोप वेळेत व बिनचूक पाठवला होता. रुग्णाच्या फोनमधील दोषास आम्ही जबाबदार नाही.' ताईंची बोटे मध्येच थांबली. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि ही नोकरी गेली तर दुसरी लगेच मिळणार नव्हती. त्यांनी पत्र पुरे केले. त्यात एकही वेलबुट्टी नव्हती. खात्री करायला मालकांनी ते आधी माझ्यावर पाठवून पाहिले. ते अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसले. मी काय करणार? मला ती सगळी अक्षरे येत होती.

त्याच संध्याकाळी मालकांनी मला या दुकानात आणून टाकले. ताईंनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

मला जपा असे मी म्हणत नाही, मित्रांनो. माझे दिवस भरले. पण कुणाला निरोप लिहाल, तेव्हा तो आपल्या फोनवर किती देखणा दिसतो, हेच बघत बसू नका. ज्याला तो वाचायचा आहे, त्याच्या हातात काय आहे ते विचारा. आणि एखादा म्हातारा 'मला दिसत नाही' म्हणाला, तर त्याला चष्मा बदलायला सांगण्याआधी उठा, त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि तुम्ही त्याला काय पाठवले आहे ते त्याच्या फोनवर एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा.