तिसऱ्या जागेवर कोण होतं

मी एक जुना डबल बास आहे. व्हायोलिनच्या कुळातला सर्वांत थोराड. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेला, चार जाड तारांचा. मिशिगनमधल्या एका कारखान्यात मेपलच्या लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून मला घडवलं. सुरुवातीची वर्षं मी मिनेसोटातल्या खेड्यांत लग्नाच्या नाचांना साथ करत काढली. मग आर्व्हिड लुंड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने मला हाती धरलं आणि माझं आयुष्य बदललं. तो तार नुसती छेडत नसे. ती ओढून सोडायचा आणि लगेच तळहाताने माझ्या मानेवर थाप मारायचा. म्हाताऱ्यांनी कानांत बोटं घातली, पोरं मात्र नाचू लागली. या धांगडधिंग्याला लोक रॉक अँड रोल म्हणत.

आमचा चौघांचा बँड होता. लोवेल गायचा, फ्रँकी गिटार वाजवायचा, आर्व्हिडकडे मी आणि ड्रमवर क्लेटन. क्लेटन टेक्सासचा, सगळ्यांत धाकटा. त्याने त्याआधी बर्फ पाहिलाच नव्हता.

मित्रांनो, त्या हिवाळ्यात आम्ही एका मोडक्या बसमधून आयोवाभर फिरत होतो. बसचा हीटर बंद पडला होता. थंडीने माझा एक सांधा उकलला, तेव्हा आर्व्हिडने स्वतःचं कांबळं मला गुंडाळलं.

"काय रे, बायको आहे का ती तुझी?" फ्रँकी म्हणाला.

"बायको असती तर तुला आधी खाली उतरवलं असतं."

हसता हसता क्लेटनला खोकला आला, आणि तो काही केल्या थांबेना.

शेवटी लोवेल वैतागला. पुढच्या गावी जायला त्याने फोनवरून एक छोटं विमान ठरवलं. वैमानिक सोडून तीन जागा. त्याने नावं सांगितली: लोवेल, फ्रँकी, आर्व्हिड. क्लेटन धाकटा, म्हणून त्याने बसनेच यायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही विमानतळावर पोहोचलो. बारीक बर्फ पडत होता. आर्व्हिडने मला विमानात सरकवून पाहिलं. माझी मान आत गेली, पोट बाहेरच राहिलं.

"याला पंखावर बांधू का?" वैमानिक म्हणाला.

आर्व्हिडने मला मागे ओढलं. "बसमध्ये याच्याकडे कोण बघणार? पार फुटून जाईल. क्लेट, तू जा माझ्या जागेवर. त्या खोकल्याने आम्हाला झोप नाही."

"खरंच? मग मी गरम पाण्याने अंघोळ करणार, आणि तुझ्यासाठी थेंबसुद्धा ठेवणार नाही!" असं म्हणत क्लेटन उडी मारून आत बसला.

नाव बदलून सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. विमान वर गेलं आणि पांढऱ्या धुक्यात दिसेनासं झालं.

दुपारी आमची बस एका खानावळीपाशी थांबली. आर्व्हिडने मला आत नेऊन चुलीपासून जरा दूर उभं केलं. खानावळवाल्या बाईने रेडिओ मोठा केला. मक्याच्या शेतात विमान कोसळलं होतं. वैमानिकासह सगळे गेले. मग नावं आली. लोवेल. फ्रँकी. आर्व्हिड लुंड.

आर्व्हिडने टेबलाची कड घट्ट धरली. "आई," तो म्हणाला. "आई या वेळेला रेडिओ लावून पाव भाजते."

मॅग्ना लुंड घरात एकटीच राहायची. शरद ऋतूत तिला हृदयाचा झटका येऊन गेला होता. दुसरा सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तो भिंतीवरच्या फोनकडे धावला. त्याच्या गावी फोन जोडून देणाऱ्या एड्नाने आवाज ऐकला आणि ती कडाडली, "लाज वाटत नाही? मेलेल्या पोराच्या नावाने थट्टा करता!" फोन कट झाला.

त्याने पुन्हा लावला. "एड्नाकाकू, ठेवू नका! लहानपणी तुमच्या कोंबड्या मीच सोडल्या होत्या, आळ शेजारच्या ओल्सनवर आला. मी आर्व्हिडच आहे!"

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. "अरे देवा! थांब, पोरा. पण लाइन मोकळी नाही रे. सगळे तुझ्याबद्दलच बोलतायत."

त्या वस्तीवर सगळ्या घरांना मिळून एकच तार होती. कुणाचाही फोन वाजला की शेजारी हळूच उचलून ऐकायचे, आणि जितके जण उचलत तितका आवाज बारीक होत जायचा. एड्नाने एक लांबलचक घंटा वाजवली. आग किंवा पूर आला तरच ती वाजे. सगळ्यांनी फोन उचलले.

"आई! मी आर्व्हिड!"

"कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही हो."

"कुणीतरी चावट माणूस असेल, मॅग्ना," एक शेजारीण म्हणाली. "ठेव फोन."

"तुम्ही सगळे ठेवा आधी!" आर्व्हिड ओरडला. कुणीही ठेवला नाही. बातमी अर्धवट सोडणं त्या लोकांना जमत नसे. एड्ना मध्ये बोलू पाहत होती, पण त्या गलक्यात तिचं कुणी ऐकेना.

"मला बसू दे," मॅग्ना म्हणाली. तिला धाप लागली होती.

आर्व्हिडने रिसीव्हर खानावळवाल्या बाईच्या हातात कोंबला, मला फरफटत फोनजवळ आणलं आणि तार ओढून सोडली. माझा खर्ज फोनच्या तारेतून जाईना. मग त्याने मानेवर थाप मारली, पाठोपाठ दुसरी, घरच्या स्वयंपाकघरात मारायचा तशी. थाप मात्र पलीकडे पोहोचली.



"आर्व्हिड!" मॅग्ना ओरडली. "थांबव ते धोपटणं! कपाटातल्या कपबश्या पडतील!" आणि ती हमसून रडू लागली. सगळ्या तारेवर रडू आणि हसू एकदम उसळलं. खानावळवाल्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग मॅग्नाने विचारलं, "अरे, मग तुझ्या जागेवर कोण होतं?"

आर्व्हिड हळूच म्हणाला, "एड्नाकाकू, मला टेक्सासला जोडून द्या."

क्लेटनच्या आईने पहिल्याच घंटेला फोन उचलला. काळजी मिटल्यासारखा तिचा आवाज हलका होता. "आमचा क्लेटन त्यात नव्हता हो! देवानेच वाचवला. पण त्या लुंडच्या आईला मी काय लिहू?"

"काकू, मी लुंडच बोलतोय."

आर्व्हिडने फोन ठेवला नाही. अखेर तिने विचारलं, "निघताना उपाशी होता का रे तो?"

"नाही, काकू. माझ्या वाटची अंडीसुद्धा त्यानेच खाल्ली."

मित्रांनो, त्यानंतर माझी बरीच वर्षं आर्व्हिडच्या कोठारात गेली. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं. आता मी एका नाचघरात असतो. दर हिवाळ्यात लोक तिथे जमतात, त्या पोरांची गाणी गातात, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. मला आवडतं ते. पण काही जण लोवेल आणि फ्रँकीची नावं घेतात आणि तिसऱ्यापाशी अडखळतात. तसं करू नका. माझ्या सांध्यात सरस भरा, तारा बदला, मला खुशाल बडवा. फक्त पहिली थाप मारण्याआधी तिन्ही नावं घ्या. तिसरं क्लेटनचं.