चार बोटं उघडी खिडकी

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. लोखंडी बादलीच्या पोटात माती लिंपलेली, मधे जाळी, खाली राख काढायला एक तोंड. तुम्ही म्हणाल, घरोघरी गॅस असताना हिला आता कोण विचारतंय! नका विचारू. पण बसा जरा.

भाईंदरच्या बाजारात दशरथ पत्रेवाल्याने मला घडवलं, ते साल एकोणीसशे अडुसष्ट. त्याने मला इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की खाडीतले मासे दचकून दोन दिवस वसईला राहायला गेले. हसताय काय? ते दोन दिवस भाईंदरात एका घरी मासळी शिजली नाही. जाऊन विचारा कुणालाही.

मला घरी नेलं ते दुर्गाने. माणगावाकडून लग्न होऊन नुकतीच आलेली, पोटुशी पोर. नवरा हरिश्चंद्र मुंबईत एका कचेरीत कारकून, मान खाली घालून चालणारा, भला माणूस. भाईंदर पूर्वेला कौलारू चाळीत त्यांची एक खोली होती. फळ्यांच्या भिंती, आणि वर बघितलं तर कौलांच्या फटीतून आभाळ.

तिथे मी काय काय नाही केलं! अख्ख्या चाळीचा चहा केला. एकदा तर पावसात भिजलेली सगळी वरात मी वाळवली, घोड्यासकट. पण माझं खरं काम वेगळंच होतं. बाळंतिणीला आणि बाळाला गरम पाण्याने न्हाऊ घातलं, की बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली मला ठेवायचं. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकायच्या. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. याला शेक म्हणतात. त्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही, आणि आतल्या गोष्टी त्यांना कुणी सांगायच्याही नाहीत.

मी घरात आले त्याच थंडीत दुर्गाला मुलगी झाली, नीलिमा. शेजारची म्हातारी आत शेक देत होती आणि हरिश्चंद्र बाहेर येरझाऱ्या घालत होते. करणार काय बिचारे? हातात चिंध्या घेऊन फळ्यांच्या फटी बुजवत बसले. सव्वा महिना रोज कचेरीला जायच्या आधी त्यांनी फटी तपासल्या. बापाला पोरीसाठी तेवढंच करता आलं. वरच्या कौलांतून धूर बेतानं निघून जायचा, म्हणून काही बिघडलं नाही.

पुढे दुर्गा त्या म्हातारीकडून सगळं शिकली आणि बघता बघता तिचं नाव झालं. नवघरापासून बायका बोलवायला यायच्या. "दुर्गाकाकू, तुम्हीच या हं. तुमच्या हाताला गुण आहे." मग दुर्गा मला काखोटीला मारून निघायची. बावीस बाळंतिणी झाल्या आमच्या हातून. एका बाळाला तर मी असं काही शेकलं, की अकराव्या दिवशी ते उठून बसलं आणि चहा आहे का म्हणालं.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही मीरा रोडला आलो. नव्या बिल्डिंगीत तिसरा मजला, डोक्यावर पक्का स्लॅब, खिडक्यांना काचा. दुर्गा आठ दिवस नुसती भिंतींवरून हात फिरवत होती. गॅसला नंबर लावून चार वर्षं झाली होती, तो काही लागत नव्हता. स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर व्हायचा आणि मी गॅलरीत असायचे, भाकरी नि सुके बोंबील भाजायला.

समोरच्या गुजराती भाभी नाक धरून यायच्या. "दुर्गाबेन, फिर से मच्छी?"

"भाभी, तुम्हारे को नहीं देती ना खाने को? फिर नाक को कायको तकलीफ?"

दोघी हसायच्या. भाभी मग तिथेच उंबऱ्यात तासभर बसायच्या, नाक सोडून.

नव्वदच्या डिसेंबरात नीलिमा पहिल्या बाळंतपणाला नाशिकहून माहेरी आली. दुर्गाचा आनंद काय सांगू! बावीस जणींना शेकलं ते जणू हिच्यासाठी हात बसावा म्हणूनच. तिने गावाहून सुंभाची बाज मागवली. मला नवी माती लिंपली. नीलिमाला मुलगी झाली, क्षितिजा. कापसाच्या बोळ्याएवढी.

मित्रांनो, आतापर्यंत मी थोडं वाढवून सांगितलं असेल. इथून पुढे एक अक्षर वाढवणार नाही.

शेकाच्या पहिल्याच दिवशी दुर्गाचं डोकं गरगरलं. शहाणी बाई. तिने वर स्लॅबकडे बघितलं आणि नीलिमाला म्हणाली, "चाळीत कौलं होती गं, घर श्वास घ्यायचं. इथे सगळंच बंद. गॅलरीची खिडकी चार बोटं उघडी ठेवू या." आणि रोज ती बोटं लावून मापायची, चार म्हणजे चार. पण हे तिने हरिश्चंद्रांना सांगितलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट, ती पुरुषांना कोण सांगतं?

नवव्या दिवशी सकाळी गार वारा सुटला होता. न्हाणं झालं, मायलेकी बाजेवर निजल्या, खाली मी. दुर्गा खीर ढवळायला आत गेली. हरिश्चंद्र गॅलरीत पेपर वाचत होते. आतून बाळ शिंकलं. एकदा, मग परत एकदा. बाजेखालून मला दिसलं, बाहेरून त्यांची बोटं आली आणि खिडकी हळूच ओढून घेतली, पोरीची झोप मोडू नये इतक्या हळू. लाकूड फुगलेलं होतं, थोडी फट राहत होती. तिच्यात त्यांनी गळ्यातला मफलर काढून नीट खुपसला. मग दूध आणायला खाली गेले.

माझ्या निखाऱ्यांचा एक विषारी वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. पण शेगडीला तोंड असतं ते फक्त राख काढायला.

"आई, डोकं दुखतंय गं," नीलिमा एकदा म्हणाली. आवाज इतका बारीक की स्टोव्हच्या फरफरीत तो स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही.

भाभी बाळाला बघायला आल्या म्हणून जीव वाचले. दार ढकललं आणि किंचाळल्या, "दुर्गाबेन! ये उठती क्यूं नहीं? जल्दी आओ!" दुर्गा धावली. बाळाला भाभींच्या हातात दिलं, नीलिमाला ओढत दारात आणलं, आणि खिडकी उघडायला गॅलरीत गेली. तिथे तिला मफलर दिसला. क्षणभर ती थांबली. मग तो उपसून पदराखाली कंबरेला खोचला आणि खिडकी सताड उघडली.

रिक्षाने दोघींना इस्पितळात नेलं. चार दिवसांनी दोघी बऱ्या झाल्या. जावई, परागराव, न्यायला आले तेव्हा त्यांची आई बरोबर होती. त्या म्हणाल्या,

"एवढी बावीस बाळंतपणं केली म्हणता, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी खिडकी उघडी ठेवायचं सुचलं नाही?"

नीलिमा बाळाला छातीशी धरून उभी होती. तिने विचारलं, "आई, तूच म्हणाली होतीस ना चार बोटं? मग बंद कशी झाली?"

दुर्गाने हरिश्चंद्रांकडे बघितलं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"वारा होता गं," दुर्गा शेवटी म्हणाली. "मीच लावली. उघडायची विसरले."

ती सगळी मंडळी गेली. दुपारी दुर्गा माझी राख काढायला बसली. काढता काढता थांबली आणि हळूच मला म्हणाली, "तू पाहिलंस ना सगळं? गप्प बस. तिचा भारी जीव आहे बापावर."

त्यानंतर बायका बोलवायला यायच्या, अगदी नया नगरातूनसुद्धा. दुर्गा म्हणायची, "आता जमत नाही हो. हात थरथरतो." हात कुठला थरथरतोय! पुरणपोळी कशी कागदासारखी लाटायची ती. नीलिमा दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. पण क्षितिजाला न्हाऊ घालायची वेळ झाली, की स्वतः उठायची. "राहू दे आई, मी घालते." दुर्गा टॉवेल धरून न्हाणीच्या दारात उभी राहायची. तेवढंच.

त्र्याण्णव साली एकदाचा गॅसचा नंबर लागला. सुभाष नावाचा फिटर लाल सिलेंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढला. दुर्गाने दोन बर्नरच्या शेगडीला हळदकुंकू लावलं. मला राग आला नाही, खरंच. निळी ज्योत काय सुंदर दिसत होती.

"काकू, गॅस लावतोय खरा," सुभाष म्हणाला, "पण स्वयंपाकघराची ही खिडकी रोज उघडी पाहिजे हां. लोक काय करतात, ज्योत विझते म्हणून बंद करतात." मग त्याने दारातून गॅलरीतल्या माझ्याकडे बोट केलं. "आणि ही कोळशाची तर बंद खोलीत अजिबात नको. माणूस झोपेतच जातो."

"माहितीय," हरिश्चंद्र म्हणाले. "माझी पोरगी आणि नात जात होत्या. खिडकी मी बंद केली होती."

दुर्गाने हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली. तीन वर्षांनी बोलले, तेही एका परक्या माणसासमोर. सुभाष बिचारा स्पॅनर घेऊन उगीच नळी घट्ट करत राहिला.

तो गेल्यावर दुर्गा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं तर."

"मफलर सापडला नाही तेव्हाच कळलं. तू उचललास."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस आधी. मग माझी हिंमतच झाली नाही गं." ते उठले, पायांत चपला घातल्या. "आता जातो. फोन करून तिला सांगतो."

खाली कोपऱ्यावर पीसीओ होता. गॅलरीतून त्याची काचेची खोली दिसायची. दुर्गा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, कठडा धरून. हरिश्चंद्रांनी नंबर फिरवला. बोलले. मान हलवली, थोडे हसले. मग रिसीव्हर ठेवून बराच वेळ पाठमोरे उभेच राहिले.

वर आल्यावर दुर्गाने विचारलं, "सांगितलंत?"

"क्षितिजा फोनवर आली. आजोबा आजोबा करत होती. मागे माणसं थांबली होती." ते खुर्चीत बसले. "तिला गॅस आल्याचं सांगितलं. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," दुर्गा म्हणाली. "चहा टाकते. बघा तरी, किती पटकन होतो."

पुढची वेळ आलीच नाही. शहाण्णवच्या मार्च महिन्यात, एका सकाळी दाढी करता करता हरिश्चंद्र गेले.

नीलिमा दिवसांना आली. तिला पाचवा महिना होता. तेराव्याची माणसं पांगल्यावर मायलेकी गॅलरीत बसल्या. पाच वर्षांची क्षितिजा माझ्याजवळ आली आणि राखेच्या तोंडात हात घालायला लागली. नीलिमाने तिला हिसकून मागे ओढलं. मग स्वतःचीच लाज वाटून ती दुर्गाकडे वळली.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, आईला बोल लावू नकोस. प्रत्येक फोनवर म्हणायचे. किती चांगले होते गं ते."

"हो गं. चांगलेच होते."

"आई, या वेळी तू ये नाशिकला. विस्तव नको, नुसती ये. बाळाला तूच न्हाऊ घाल." नीलिमाने दुर्गाचा हात हातात घेतला. "मी तुला माफ केलंय आई. केव्हाच केलंय. आता तू मनाला लावून घेऊ नकोस."

मित्रांनो, आता सांगायला काय हरकत होती? माणूस तर गेला होता. दुर्गाचे ओठ हलले. तिने आत भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघितलं. मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"बरं झालं गं बाई. येईन हो मी."

मी तिथेच होते, दोन हातांवर. सगळं पाहिलेली, आणि एक शब्द बोलता न येणारी.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात विस्तव असो की गॅस, खिडकी उघडी ठेवा, आणि ती का उघडी ठेवली ते घरातल्या सगळ्यांना सांगा, पुरुषांनासुद्धा. आणि बाळांनो, तुमच्या हातून काही चुकलं तर त्याच दिवशी बोला. तुम्हाला तोंड दिलंय ते बोलायला. तुमच्या चुकीची माफी दुसऱ्या कुणाला पदर पसरून घ्यायला लावू नका.