पडदे येईनासे झाले

लॉन्ड्रीत पडदे येईनासे झाले, तेव्हा झकासरावांनी आधी कॅलेंडर पाहिलं. मग शेजारच्या गल्लीत कुणी नवी लॉन्ड्री थाटली की काय, ते पायी फिरून पाहून आले. तसलं काही नव्हतं. शर्ट येत होते, चादरी येत होत्या, कुणाचा तरी कोट महिनाभर पडून होता. पडदे तेवढे गायब.

आणि या लॉन्ड्रीचा सगळा डोलारा पडद्यांवरच उभा होता. वीस वर्षं दर पंधरवड्याला निम्मी गल्ली काजळीनं काळेकुट्ट झालेले पडदे काखोटीला मारून यायची आणि झकासराव ते दुधासारखे करून द्यायचे. ‘झालं का?’ म्हटलं की ‘एकदम झकास!’ हे ठरलेलं उत्तर. त्यावरून तर नाव पडलेलं. एवढे काळे होतातच कसे, असं कुणी विचारलं की ते समोरच्या बस डेपोकडे हात करायचे. डेपोविरुद्धच्या अर्जावर पहिली सही यांचीच होती, आणि तीही अशी ठसठशीत की खालच्या दोघांना जागा पुरली नाही.

माणूस डागांचा मोठा जाणकार. शर्टावरचा डाग बघून तो शाईचा की ग्रीसचा, आणि घरात कुणाकुणापासून लपवलाय, हेसुद्धा सांगणारा. त्याच माणसाला आपलं गिऱ्हाईक कुठं गेलं ते कळेना, याची त्यांना लाज वाटत होती.

“मी सांगू का?” इस्त्रीवरून मान वर न करता बायको म्हणाली. “तुम्ही त्या बॉयलरला हात लावू दिलात आणि बरकत गेली.”

“अगं, बॉयलरचा आणि पडद्यांचा काय संबंध?”

“ते मला काय ठाऊक? पण तीन महिन्यांपूर्वी बॉयलर उघडला आणि तीन महिन्यांपासूनच पडदे बंद. मोजा बोटं.”

झकासरावांनी खरंच बोटं मोजली. हिशोब जुळत होता, पण अर्थ लागत नव्हता.

झालं होतं ते एवढंच. हवेच्या प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसातला एक माणूस बेकरीवाले, रंगारी, लॉन्ड्रीवाले अशा सगळ्या लहानसहान धंदेवाल्यांकडे फिरत होता. बॉयलर दर तीन महिन्यांनी साफ करून घ्या, हवा चांगली राहील, पहिली खेप आमच्याकडून फुकट. फुकट म्हटल्यावर झकासराव सगळ्यांच्या पुढं. मेकॅनिक आला, त्यानं नळ्यांमधून ब्रश फिरवून बादलीभर काजळी काढली, बर्नरची तोटी बदलली, हवेची झडप नीट लावली. “भाऊ,” तो म्हणाला होता, “हा बॉयलर डिझेल खात नव्हता, नुसतं चावून थुंकत होता.” त्यानंतर वाफ लवकर धरायला लागली, डिझेलही कमी लागायला लागलं. झकासराव खूश होऊन ती गोष्ट विसरूनही गेले.

आता उद्या दुसरी खेप होती.

“उद्या त्याला दारातूनच परत पाठवा,” बायको म्हणाली. “असंच चाललं तर पुढच्या महिन्यात कुलूप लावू. बॉयलर स्वच्छ आणि दुकान बंद, काय शोभा!”

झकासरावांना तिचं पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी ते उठले आणि मागच्या इमारतीत बाईंकडे निघाले. बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आपलं काय चुकलं, ते त्या तोंडावर सांगतील, एवढी खात्री होती.

तीन जिने चढून ते घरात शिरले आणि दारातच थबकले. रस्त्याकडच्या खिडकीचं एक दार उघडं होतं. वीस वर्षांत त्यांनी ही खिडकी कधी उघडी पाहिली नव्हती.

“बाई, तुमचे पडदे? माझ्या धुण्यात काही कमी पडलं का?”

“छे हो! काळेच होत नाहीत. तीन महिने झाले लावून, बघा की.”

झकासरावांनी पडदा हातात घेतला. उलटा केला, नाकाशी नेला. पांढरा! खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं, बोटही स्वच्छ. खाली डेपोत चार बसगाड्या इंजिनं चालू ठेवून नेहमीसारख्या धूर ओकत उभ्या होत्या. डेपो तसाच, बसगाड्या तशाच. मग काजळी गेली कुठं? ते पुन्हा कट्टा पुसू लागले, जणू ती खालून निघेल.

“सुधारला असेल डेपो,” बाई म्हणाल्या. “पण खरं सांगू? इतकी वर्षं तुम्ही होतात म्हणून निभावलं. नाहीतर त्या धुरात आमचं काही खरं नव्हतं. तुमचे उपकारच आहेत.”

झकासराव मान डोलवत खिडकीबाहेर वाकले आणि त्यांना समोर एक धुराडं दिसलं. उंच, पत्र्याचं, बरोबर या खिडकीच्या समोर तोंड करून उभं. कुणाचं म्हणून त्यांनी खाली नजर नेली, तर खाली त्यांच्याच लॉन्ड्रीचं मागचं अंगण होतं. छपराच्या आडोशामुळं अंगणातून त्याचं टोक कधी दिसत नसे, आणि वरून बघायला ही खिडकी कधी उघडी नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. वीस वर्षं आपणच पडदे काळे केले, आपणच धुतले, वर शाबासकीही घेतली.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. बाईंना काही कळणार नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “तो धूर डेपोचा नव्हता. ते समोरचं धुराडं माझं आहे. बॉयलर साफ केला आणि धूर थांबला.”

बाई खिडकीशी आल्या आणि त्यांनी ते धुराडं पाहिलं.

“आमच्या यांचा पलंग इथंच होता,” त्या म्हणाल्या. “शेवटची दोन वर्षं एकच मागणं, खिडकी उघड, रस्ता बघू दे. मी उघडली नाही.”

झकासरावांनी कट्ट्यावरचा हात काढून घेतला. ‘चुकलं’ हा शब्द तोंडाशी आला, पण तो इतका लहान वाटला की त्यांनी गिळून टाकला.

“उद्या मेकॅनिक यायचाय,” ते कसेबसे म्हणाले. “येऊ द्यावा की नाही, तेच कळत नव्हतं.”

“आणि आता?”

“आता येईल. दर तीन महिन्यांनी येईल.”

“मग पडदे काही तुमच्याकडे यायचे नाहीत.”

“नाही यायचे, बाई.”

बाईंनी मान हलवली, पडदा पार कडेला सारला आणि खिडकीचं दुसरं दारही उघडलं.