वेशीपाशी थांबलेली दवंडी

मित्रांनो, मी हलगी. फार जुनी, आता तर फुटकीही. सुप्याजवळच्या या शाळेत नकाशांच्या कपाटाशेजारी मला टांगून ठेवलंय. तुम्ही येता-जाता मला टिचक्या मारता आणि मी नुसती फडफडते. हसता ना? हसा. पण एके काळी माझा आवाज ऐकला की माणसं हातातलं काम टाकून दारात यायची.

लोखंडी कड्यावर बकरीचं कातडं ताणून मला गेणूनं घडवलं. गेणू गावचा दवंडीवाला. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडच्या वस्तीत तो आणि त्याची लहानगी रतन राहत. तिची आई केव्हाच गेली होती. वाजवण्याआधी हलगी विस्तवावर शेकावी लागते, तरच ती कडाडते. ते काम रतनचं. चुलीपुढे बसून ती मला हळूहळू फिरवायची, पण कधी चटका बसू दिला नाही. तेवढी माया मला पुन्हा कुणी लावली नाही.

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या आधीचा एक उन्हाळा. गावात पटकी आली. तुम्ही तिला कॉलरा म्हणता. बारामतीहून आरोग्य खात्याचे साहेब आले. त्यांनी गावच्या विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडर टाकली. वस्तीला त्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. ती माणसं ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायची.

गेणूनं गल्लोगल्ली दवंडी दिली. "ऐका हो ऐका, पटकीची साथ आली हाय. पानी उकळून प्या. चावडीवर येऊन सुई टोचून घ्या हो." वेशीपाशी मी थांबले. गावची दवंडी तिथंच संपायची, पिढ्यान्‌पिढ्या.

"पाटील, पलीकडची घरं राहिली की," साहेब म्हणाले.

हिंदुराव पाटील हसले. "तितं कशाला दवंडी? गेणू तितलाच हाय. घरी गेला की सांगंल."

सगळ्यांना ते पटलं. गेणूलाही पटलं. पण साहेबांची गाडी लगेच मोरगावच्या बाजूला निघाली होती आणि पावडरीची पोती उचलायला माणूस हवा होता.

"पाटील, येकडाव घरला जाऊन येऊ का?" गेणूनं विचारलं.

"आल्यावर जा की. घर कुठं पळून चाललंय?"

मी गेणूच्या खांद्यावर लटकत गावोगाव फिरले. सगळीकडे वाजले, सगळीकडे लोक बाहेर आले. आणि सगळीकडे मी वेशीपाशी थांबले.

काही दिवसांनी आम्ही परतलो तेव्हा वस्तीत एकही चूल पेटलेली नव्हती. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. शेजारची चंद्राबाई गेणूच्या दारात बसली होती. तिच्या घरातलेही दोघे गेले होते. रतनला आदल्या दिवशीच माती दिली होती.

"गावात दवंडी दिलीस म्हनं," ती म्हणाली. "आमाला का न्हाय सांगितलंस, गेणू?"

गेणूनं मला खांद्यावरून काढून आत पालथं टाकलं. त्या रिकाम्या घरात मी ऐकलेली शांतता अजून माझ्या कातड्यात आहे. एवढा आवाज केला आयुष्यभर, पण ती काही निघत नाही.

साहेबांनी वरच्यांना कळवलं. पुढं हुकूम निघाला, साथीची दवंडी आधी वेशीबाहेर द्यायची, पावडरही आधी झिऱ्यात टाकायची. चांगला हुकूम होता. रतन सोडून सगळ्यांच्या कामी आला.

मग फ्लू आला. दवंडीच्या दिवशी सकाळी गेणूनं मला स्वतःच शेकलं. हाताला अंदाज नव्हता, कातडं करपलं आणि चिरलं. तशीच घेऊन तो निघाला. पहिली दवंडी त्यानं स्वतःच्या बंद दारापुढे दिली. सगळी, अगदी शेवटपर्यंत. मग मला खाली धरून विचारलं, "रतन, ऐकलंस का गं?" आणि तो वाट बघत उभा राहिला. चंद्राबाईनं त्याला हाताला धरून पुढच्या दाराशी नेलं.

मित्रांनो, उद्या तुमच्या गावात साथ आली, लसीची सूचना निघाली, तर सगळ्यात लांबच्या घरी ती पोचली का, ते विचारा. तिथला कुणीतरी सांगेल, असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. तुम्ही स्वतः जा. दार वाजवा, आणि आतून उत्तर आल्याशिवाय तिथून हलू नका.