शालूच्या नावाने

कल्पिताला हाक ऐकू यायची ती दुपारी, सगळं घर गप्प असताना. न्हाणीघराच्या बाजूने, बाईच्या आवाजात, जेवायला बोलवावं इतकी साधी: "कल्पिता."

ती रसायनशास्त्र शिकलेली. तिने फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो न्हाणीघराच्या दाराशी ठेवला आणि नंतर ऐकलं. पंख्याची घरघर होती, कबुतरं होती आणि मध्येच तिची स्वतःची "ओ" होती. हाक तेवढी नव्हती.

कोपर गावात त्यांच्या घरचं सगळं दुखणंखुपणं डॉक्टर सुधीर बघायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "यावर मी औषध देणं बरोबर नाही," ते म्हणाले. "नौपाड्यात डॉक्टर क्षिप्रा आहेत, मनोविकारतज्ज्ञ. मी चिठ्ठी देतो."

चिठ्ठी आईने, मंदाकिनीने, घरी येऊन फाडली. "जायचा तं जा. पन तुज्या नावानी नाय. शालूचा नाव सांग."

"वयनीचं कशाला?"

"तुजा लगीन व्हायचा हाय अजून. तिचा झालाय, तिला आता कोन नाकारनार?"

शालू, कल्पिताच्या भावाची, प्रफुल्लची बायको, भाजी निवडता निवडता हसली. "घ्या की. मी कुटं वापरतंय? सगली वयनीच म्हनतात मला."

नौपाड्याच्या दवाखान्यात शालू म्हणून पुकारा झाला आणि कल्पिता उठली. डॉक्टर क्षिप्रा घाई न करता विचारत होत्या. झोप, भूक, घरात आणखी कुणाला असं काही.

"आवाज काय म्हणतो?"

"नावाने हाक मारतो."

"काय म्हणून?"

कल्पिताच्या तोंडाशी आलेलं नाव तिथेच अडलं. "शालू," ती म्हणाली. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. प्रयोगाच्या वहीत जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिल्यासारखं तिला वाटलं. ही बाई आता दुसऱ्याच कुणाला बरं करणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली होती. कल्पिता औषधाची पट्टी हातात धरून बसली होती. न्हाणीघराकडून हाक आली. तोच आवाज, तसाच साधा.

"शालू."

आणि स्वयंपाकघरातून लगेच उत्तर गेलं, "आले गो!"

शालू ओले हात पदराला पुसत बाहेर आली. न्हाणीघराशी थांबली, मग कल्पिताकडे वळली. "तू मारलीस ना हाक?"

कल्पिताने दोन्ही शक्यता मनात मांडल्या. एक तर वहिनीलाही ऐकू आलं होतं. नाही तर वहिनीचं ते "आले गो"सुद्धा आपल्याच कानातलं होतं, आणि ही समोर उभी होती तीही. तिने शालूचा हात धरून पाहिला. गार, ओला. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच खोटं सांगून झालं होतं.

तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बोलायला आल्या.

"मॅडम, मी शालू नाही. कल्पिता. शालू माझी वहिनी. मला हाक कल्पिता म्हणूनच यायची. आज पहिल्यांदा शालू अशी आली, आणि वहिनीने ओ दिली. की मलाच तसं वाटलं, कळत नाही."

डॉक्टरांनी विचारलं,

"वहिनी आहेत तिथे? फोन स्पीकरवर टाका."

शालू वाकली. "हां, मी शालू."

हे डॉक्टरांना ऐकू जातं का, तेच कल्पिताला बघायचं होतं.

"बोला, शालू," डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे वहिनी खरी होती. तिचं उत्तरही खरं होतं. कल्पिताला हायसं वाटायला हवं होतं.

"शालू, तुम्हाला आत्ता कुणी हाक मारली होती का?"

शालूने न्हाणीघराकडे पाहिलं. मग लाजल्यासारखी, हळू बोलली, "मॅडम, ती अजून हाका मारतेय."

डॉक्टरांचा आवाज बदलला नाही. "दोघी या. आजच. आपापल्या नावाने."

कल्पिता चपला शोधायला वळली. शालू मात्र मान थोडी कलती करून तशीच उभी होती, एकाच वेळी फोनवरच्या डॉक्टरांचं आणि न्हाणीघरातल्या बाईचं ऐकत असल्यासारखी.