बॉस्कोचं पोट

मर्सी तुस्कानोने किचनमध्ये कॅमेरा बसवला तो नवऱ्याला पकडायला.

तिचा बॉस्को, म्हातारा डॅशहंड कुत्रा, सारखा भुकेला असायचा. पोट फरशीला घासू लागलं, तेव्हा मर्सीने त्याला डाएटवर ठेवलं आणि फिरवायचं काम नवऱ्यावर, ऑस्वल्डवर, सोपवलं. झालं उलटंच. ऑस्वल्ड वाळला, बॉस्को आणखी फुगला. म्हणजे नवरा आपलं ताट कुत्र्याला घालतोय, असं मर्सीने ठरवून टाकलं.

"देवाशपथ नाही गं!" ऑस्वल्ड म्हणाला.

"मग हा काय हवा खाऊन फुगतोय?"

आठवड्याने ती दोघांना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर अजरा रत्नागिरीच्या, त्यामुळे आखातात असूनही तक्रार मराठीतूनच झाली. रेकॉर्डिंग मर्सीने स्वतःही पाहिलं नव्हतं. तिने मोबाइल थेट डॉक्टरांपुढे धरला.

व्हिडिओत ऑस्वल्ड आला, चहाचा कप धुऊन गेला. मग खुद्द मर्सी आली. कॅमेरा विसरून, इकडेतिकडे बघत तिने लोणी लावलेला टोस्ट खाली टाकला.

ऑस्वल्ड नुसता छताकडे बघत राहिला.

"एकच दिला," मर्सी पुटपुटली. "किती आशेने बघतो तो!"

"टोस्ट राहू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याचं भांडं बघा. सारखं रिकामं करतोय. लघवी?"

"सोफा टाकून दिला आम्ही," ऑस्वल्ड म्हणाला.

डॉक्टरांनी बॉस्कोच्या कुशीवरचे विरळ केस, पातळ कातडी पाहिली. रक्त घेतलं, एक इंजेक्शन दिलं, तासाभराने पुन्हा रक्त घेतलं. मग सोनोग्राफी केली.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं, "मूत्रपिंडांजवळ अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल बनवतात; ते जास्त झालं की भूक-तहान वाढते, पोट सुटतं, केस गळतात. किती बनवायचं, ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हार्मोन पाठवून सांगते. पुरेसं झालं की तिने थांबायचं असतं. याची थांबतच नाही."

"ऑस्वल्डच्या वेस्ट बेच्या ऑफिसातल्या साहेबासारखं," मर्सी म्हणाली. "काम झालं तरी मेल चालूच."

"तसंच. रोज जेवणाबरोबर कॅप्सूल द्या, मधूनमधून रक्त तपासू."

"आणि टोस्ट?"

"टोस्ट बंद."

काही महिन्यांनी मर्सीने वसईला बहिणीला, क्रिस्टीला, आनंदाने फोन लावला. "पिट्युटरीचा घोळ होता गं! आता पोट उतरलं, नव्या सोफ्यावर लघवी करत नाही, केससुद्धा परत आले!"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बिचारा ऑस्वल्ड," क्रिस्टी म्हणाली. "पण केस आले ना? औषधाचं नाव पाठव. माझ्याही नवऱ्याला पार टक्कल पडलंय."