एकतीस भोकं

फाटलेलं जाळं माझ्याकडे आलं की काय झालं होतं ते कोणी सांगावं लागत नाही. खडकात अडकलं असेल तर तिकोनी फाटतं आणि कडा चुरगळलेल्या असतात. शार्क घुसला असेल तर भोक वेडंवाकडं, आणि दोरा कुरतडल्यासारखा. दुसऱ्या बोटीचा पंखा लागला असेल तर जाळं पीळ खाऊन येतं, ते सोडवण्यातच दोन दिवस जातात. पंचवीस वर्षं मी धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी शिवतेय. आधी वडील शिवायचे. ते गेल्यावर बोट दादाला मिळाली आणि सुई मला.

या पंचवीस वर्षांत डॉल्फिनला सोडवण्यासाठी सुरीने कापलेलं जाळं माझ्याकडे एकदाही आलं नाही.

डॉल्फिन जाळ्यात येत नाहीत असं नाही. भरपूर येतात. तो दिसतो माशासारखा, पण त्याला तुमच्याआमच्यासारखा श्वास लागतो. पाण्याखाली शेपूट अडकली की गुदमरतो. कधीकधी जाळं वर ओढेपर्यंत जिवंत राहतो, आणि मग बोटीवरच्यांपुढे दोनच वाटा असतात, जाळं कापायचं किंवा शेपूट कापायची. जाळं महाग असतं. शेपटीला कोणी मालक नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, बोटीवर मला कोण नेतंय. पण गाठींमध्ये जे अडकून येतं ते काढायचं काम माझंच. रबरासारखी काळी कातडी यायची. कधी दात, बारीक आणि शंकूसारखे. एकदा छातीजवळचा पंख आला, अख्खा. मी तो चिमट्याने सोडवला, बादलीत टाकला, बादली धुतली आणि सुईत दोरा भरला. तेव्हा मला कोणी फार सोवळी समजू नये.

यंदा धक्क्यावर एक निर्यातवाला यायला लागला. पांढरे बूट घालून मासळीच्या धक्क्यावर येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याला आमची मासळी डब्यात भरून बाहेर पाठवायची होती, आणि डब्यावर निळा शिक्का हवा होता: या मासेमारीत डॉल्फिन मारला जात नाही. शिक्क्यावर हसरा डॉल्फिन. चित्र काढणाऱ्याला कोणी सांगितलं नसेल की त्याच्या तोंडाची ठेवणच तशी असते. शेपूट तोडून पाण्यात टाकला तरी तो हसतच बुडतो.

शिक्क्यासाठी पुरावा लागतो. वर्षभरात किती डॉल्फिन अडकले आणि ते जिवंत सोडले, याचा एकेक कागद. तो पुरावा घेऊन दादा एका सकाळी शेडमध्ये आला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आठ बोटमालकांच्या संघाचा अध्यक्ष, आणि अध्यक्ष झाल्यापासून घरातही घसा खाकरल्याशिवाय बोलत नाही.

एकतीस कागद होते. प्रत्येकावर बोटीचा नंबर, तारीख, डॉल्फिन अडकला, जाळं कापून जिवंत सोडला. खाली 'जाळं शिवणाऱ्याची सही'. सगळे कागद एकाच पेनाने लिहिलेले, वहिनीच्या गोल अक्षरात. याच अक्षरात ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवर 'साखर' आणि 'मीठ' लिहिते.

मी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, एकतीस डॉल्फिन सुटले तेव्हा मी गावाला गेले होते का?

दादा म्हणाला, सही करायची, प्रश्न विचारायचे नाहीत.

"सही करते की," मी म्हणाले. "भोकं कुठेयत?"

मी टोमणा मारला होता. दादाने तो सल्ला म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातगाडीवरून आठ बोटींची आठ जाळी माझ्या दारात येऊन पडली. दादा स्वतः बरोबर होता, घामाघूम आणि खुशीत. म्हणाला, घे तुझी भोकं, दहा दिवसांनी तपासणी आहे, तोवर शिवून टाक. आणि ठिगळं जरा उठून दिसू देत, तपासणीच्या मॅडमना शोधत बसायला लागू नयेत. मी विचारलं, लाल दोरा चालेल? तो म्हणाला, लाल घाल, पिवळा घाल, पण वेळेत दे.

तो गेल्यावर मी पहिलं जाळं ओढायला घेतलं. ते दादाच्याच बोटीचं होतं. पहिलं भोक पुरुषभर लांब, उजवीकडे झुकलेलं, कडा दाढी केल्यासारख्या साफ. जाळं ओढत राहिले. आठ हातांवर दुसरं भोक. तेवढंच, पण डावीकडे झुकलेलं. पुन्हा आठ हातांवर तिसरं, उजवीकडे. मग चौथं, डावीकडे. मी हातातली सुई खाली ठेवली.

या शहाण्यांनी जाळं पसरून कापलंच नव्हतं. कोण एवढे कष्ट घेतो. जाळं घडी घालून रचलेलं असतं, पुढेमागे, पुढेमागे. त्या ढिगावर कोयता चालवला आणि एकाच ओढीत चार घड्या कापल्या. लहानपणी कागदाची घडी घालून कातरीने बाहुल्यांची माळ कापतात, तशी. सात जाळ्यांत चार-चार भोकं आणि एकात तीन. एकतीस. हिशोब मात्र चोख.

आधी मला हसू आलं. मग अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठून शेडच्या पत्र्यावर मूठ आपटली. जाळं कापता येत नाही, नुकसान होतं, हात चालत नाही, असं पंचवीस वर्षं ऐकत आले होते. खोटेपणासाठी एका दिवसात आठ जाळी कापली. तेव्हा कोणाचा हात अडला नाही. एका जिवासाठी जे एकदाही कापलं नाही ते शिक्क्यासाठी एकतीसदा कापलं.

मी लाल दोऱ्याची रिळं काढली आणि शिवायला बसले. मन लावून शिवलं. असं काम मी आयुष्यात केलं नसेल, एकेक गाठ मोजून मारली.

सातव्या दिवशी वहिनी आली. माझा डबा आणला होता, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. सह्या झाल्या का विचारलं. मी म्हटलं, तपासणीच्या वेळी करीन, मॅडमच्या समोर. ती तेवढ्यावर उठली नाही. आठ बोटी, त्यांवर पोट असलेली चाळीस घरं, पोरांच्या शाळा, सगळं सांगितलं. ते खोटं नव्हतं. मग म्हणाली, "तुला काय, एकटा जीव. तुला चांगलं वागणं परवडतं."

हे लागलं. खरं सांगते, लागलं. मी गाठ चुकले आणि ती उसवून पुन्हा मारावी लागली.

"चांगलं वागले असते तर पंचवीस वर्षांपूर्वीच बोलले असते," मी म्हणाले. "तुझ्या गोल अक्षराला माझी सही जोडली की उद्या बोटीवर कोणी सुरी उचलणार नाही, वहिनी. उचलायची गरजच उरणार नाही. कागदावर सगळे सुटलेले असतील."

ती लाल ठिगळांकडे बघत होती. दादा वाईट माणूस नाही, असं म्हणाली. मी कुठे म्हटलं होतं वाईट आहे. सवय झालेला माणूस आहे. मला बादलीची झाली होती, त्याला कोयत्याची.

तपासणीच्या दिवशी धक्का धुतलेला होता. संघाचे आठही मालक इस्त्रीचे शर्ट घालून उभे होते, निर्यातवाला पांढऱ्या बुटांत. तपासणी करणाऱ्या मॅडम चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. दादाने ढिगाच्या वरचं एक टोक उचललं, एक लाल ठिगळ दाखवलं आणि घसा खाकरून सांगितलं की ही आमच्या संघाची पहिली सुटका. मॅडमनी ठिगळावर हात फिरवला. काम चांगलं झालंय, म्हणाल्या. दादाने माझ्याकडे अभिमानाने बघितलं. वाईट वाटलं, पण थांबले नाही.

मी जाळ्याचं टोक दादाच्या हातातून घेतलं, बोट बांधायच्या खुंटाला अडकवलं आणि दुसरी कड धरून चालायला लागले. धक्का लांब आहे. जाळं घडीघडीने उलगडत गेलं. दादाने आधी हसून विचारलं, अगं, कुठे निघालीस? मग त्याचं हसणं थांबलं.

हिरव्या जाळ्यावर चार लाल ठिगळं. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मध्ये आठ-आठ हात.

मॅडम ठिगळापासून ठिगळापर्यंत पावलं मोजत गेल्या, परत आल्या. मग त्यांनी कागद मागितले आणि या बोटीचे चार वाचले. चार तारखा चार वेगवेगळ्या महिन्यांतल्या होत्या.

"या चार डॉल्फिननी रांग लावली होती का?" त्यांनी दादाला विचारलं.

एक मालक पुटपुटला की बाईमाणसाला शिवता आलं नाही नीट. मी त्याला म्हटलं, तुझं जाळंही आहे, पसरू? तो मागे सरकला.

मग मॅडमनी मला विचारलं, सही तुमची लागते, करणार का? मी म्हटलं, ही भोकं मी शिवली यावर करते. यांतून कोणी सुटलं यावर नाही. यांतून फक्त कोयता गेलाय.

शिक्का मिळाला नाही. मॅडमनी लिहून दिलं की पुढच्या हंगामात आठही बोटींवर, जाळं जिथून वर ओढतात तिथे, कॅमेरे बसतील आणि त्यांतलं चित्रण पाहूनच शिक्क्याचा विचार होईल. पांढरे बूट त्याच दिवशी निघून गेले, पण तो हंगाम संपताना परत येतो म्हणाले. तेवढ्या आशेवर आठही मालकांनी कॅमेरे बसवून घेतले.

माझ्याकडे जाळी यायची बंद झाली. दोन महिने शेडमध्ये मी, रिळं आणि पंखा. धक्क्यावरून जाताना मी दिसले की लोक पाण्याकडे बघायला लागले. एकाने माझ्या दारावर खडूने डॉल्फिन काढला, बरा काढला होता, मी पुसला नाही. वहिनीचा डबा बंद झाला. दादा समोरून आला तर रस्ता ओलांडायचा, आणि आमच्या गल्लीत ओलांडण्याएवढा रस्ताच नाही, त्यामुळे बिचाऱ्याला भिंतीला घासून जावं लागायचं.

हंगाम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दादा शेडमध्ये आला. हातगाडी नव्हती, जाळं खांद्यावर होतं, ओलं. ते त्याने माझ्या पायाशी आदळलं.

"घे. झालं समाधान?"

मी पसरलं. एकच भोक होतं. कडा कुठेच साफ नव्हत्या. सुरी आधी चुकीच्या जागी लागली होती, तिथे नुसताच दोरा उसवला होता. मग दुसरीकडे, ताणलेल्या जाळ्यात, खालून वर, घाईघाईत. अर्ध्यात सुरी सोडून दिलेली, पुढचं हातांनी फाडलेलं. गाठी ताणून ताणून दुप्पट झाल्या होत्या. आत कोणीतरी जोर लावत होतं आणि बाहेर कोणीतरी.

असं भोक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"जिवंत गेला?"

दादा दाराच्या चौकटीला टेकला. त्याच्या तळहातांना फडकी बांधलेली होती. "जाताना शेपूट मारली. सुरीवाल्याचा दात पडला," तो म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "तो कॅमेरा नसता तर नसता सोडला. उगाच काही समजू नकोस."

मी म्हटलं, मी कुठे काही समजतेय.

राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. एक भोक बघून मागच्या पंचवीस वर्षांतलं कोणी परत पोहायला लागत नाही. मी गाठींमध्ये बोटं घालून पाहिलं. कातडी नव्हती, दात नव्हता. बादली कोपऱ्यात कोरडी होती.

दादाने विचारलं, कधी मिळेल. मी सांगितलं, परवा. त्याने मान हलवली आणि जाता जाता थबकला. हिरवा दोरा वापर यावेळी, म्हणाला.

मी लाल रीळ उचललं होतं. ते तसंच हातात धरून मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी सुरी आधी बरोबर जागी लावा. हातांनी फाडत बसू नका, तेवढ्यात तो मरतो."